प्रस्तावना : गणित आकाशाचे, व्रत आपले

२०२३ साली महाराष्ट्रात गणपती दोनदा बसले. बहुतेक घरांत ते १९ सप्टेंबरला आले. टिळक पंचांग पाळणाऱ्या कोकणातल्या काही घरांत मात्र महिनाभर आधी, ऑगस्टमध्येच, प्रतिष्ठापना होऊन विसर्जनही उरकले होते. दोन्हीकडची तिथी एकच होती, भाद्रपद शुद्ध चतुर्थी. कोणाच्या भक्तीत उणे नव्हते आणि कोणाचे गणितही चुकलेले नव्हते. राशिचक्र कोठून मोजायला लागायचे, याबद्दल दीडशे वर्षे चालत आलेला मतभेद त्या वर्षी अधिकमासाच्या रूपाने वर आला, इतकेच.

धर्मश्रद्धा आणि विज्ञान एकत्र नांदू शकतात का, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा व्यासपीठावर विचारला जातो आणि तिथे त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. एक वक्ता गॅलिलिओचा खटला काढतो, दुसरा आपल्या ऋषींना सगळे आधीच ठाऊक होते असे सांगतो, आणि टाळ्या दोघांनाही पडतात. त्या वादाची आणखी एक फेरी घालण्यात मला रस नाही. म्हणून हे पुस्तक मी पंचांगावर लिहिले. मराठी घरात असे दुसरे पुस्तक नाही, ज्यात श्रद्धेला आणि खगोलगणिताला एकाच पानावर, एकाच ओळीत राहावे लागते. त्या दोघांचे कुठे जमले, कुठे बिनसले, कोणी माघार घेतली आणि कोणी नुसतीच वेळ मारून नेली, याची नोंद पंचांगाच्या इतिहासात तारीखवार सापडते.

पंचांगाचे कोणतेही पान उघडा. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे, आणि प्रत्येकापुढे समाप्तीची वेळ. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. तीस तिथी झाल्या की चंद्र पुन्हा सूर्याला गाठतो. हे शुद्ध मोजमाप आहे. पुण्यातल्या शास्त्र्याने केले काय आणि टोकियोतल्या वेधशाळेने केले काय, उत्तर एकच यायला हवे. त्याच ओळीच्या शेवटी ‘एकादशी’ किंवा ‘प्रदोष’ असे छापलेले असते. इथे दुसऱ्या प्रकारचे विधान सुरू होते: या दिवशी उपवास करावा, या वेळी पूजा करावी. हा विधी आहे. तो खरा की खोटा हे दुर्बिणीला विचारता येत नाही, कारण तो आकाशाबद्दल काही सांगतच नाही. माणसाने कसे वागावे एवढेच सांगतो. आणि मग पाने उलटत गेले की तिसरा प्रकार लागतो. या राशीला धनलाभ, त्या राशीला पीडा. गर्भवतीने ग्रहणात अमुक केले तर बाळाला तमुक होईल. यंदा संक्रांत अमक्या वाहनावर बसून आली आहे, म्हणून तमक्यावर संकट. हे फल आहे.

गणित, विधी आणि फल. एका पुठ्ठ्यात बांधल्यामुळे आपण या तिन्हींना एकच समजतो. श्रद्धा मानणारा तिन्ही स्वीकारतो, न मानणारा तिन्ही फेकून देतो. माझे म्हणणे असे आहे की संघर्ष आहे की नाही, याचे उत्तर या तिघांसाठी वेगवेगळे येते. गणितावरून भांडण झाले आणि ते मिटले. विधीवरून विज्ञानाशी भांडण असायचे कारणच नाही. फलावरून भांडण आहे, ते खरे आहे आणि ते मिटवण्याचा सोपा मार्ग नाही.

आधी मिटलेल्या भांडणाकडे पाहू. १५२० साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ, म्हणजे पंचांगाच्या रोजच्या गणिताचा हाताशी ठेवायचा ग्रंथ, रचला. ज्या-कोटिज्यांची अवघड कोष्टके न वापरता ग्रहांची स्थाने काढण्याची त्यांची युक्ती इतकी सोयीची होती, की पुढची सुमारे चारशे वर्षे महाराष्ट्रातल्या जोश्यांनी पंचांगे त्यावरूनच केली. गणेश दैवज्ञांचे आणि त्यांचे वडील केशव यांचे मोठेपण त्या युक्तीपुरते नव्हते. जुन्या सिद्धांतांतून येणारे ग्रह आकाशात त्या जागी दिसत नाहीत, हे त्यांनी स्वतः वेध घेऊन पाहिले. मग ज्या ग्रहासाठी ज्या सिद्धांताचे गणित आकाशाशी जुळले, त्या ग्रहासाठी तो सिद्धांत त्यांनी घेतला. प्राचीन ग्रंथांबद्दल आदर ठेवूनही त्यांनी शेवटचा शब्द डोळ्यांना दिला. ‘दृक्‌प्रत्यय’ हा शब्द जोश्यांच्या परंपरेतलाच आहे. तो कोणी बाहेरून आणून लादलेला नाही.

पण करणग्रंथ जुना होत जातो. चंद्राच्या चालीत तर एक अडचण मुळातच होती. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे त्याचा वेग कमीजास्त होतो. ती दुरुस्ती आपल्या सिद्धांतांत होती, जास्तीत जास्त सुमारे पाच अंशांची. मात्र सूर्याच्या ओढीमुळे त्यात आणखी एक मोठा फरक पडतो. दहाव्या शतकात मुंजालाने तो ओळखला होता, तरी पंचांगाच्या रोजच्या गणितात तो शिरला नाही. गंमत अशी की अमावास्येला आणि पौर्णिमेला हा दुसरा फरक पहिल्यात मिसळून जातो आणि पाच अंशांच्या दुरुस्तीने काम भागते. ग्रहणे नेमकी त्याच दिवशी होतात. त्यामुळे ग्रहणाच्या कसोटीला उतरणारे गणित अष्टमीच्या आसपास मात्र अडीच अंशांपर्यंत चुकत असे. अडीच अंश म्हणजे तिथीच्या वेळेत चार-पाच तास. अष्टमीला आकाशात पडताळा घ्यायला ग्रहणासारखी ठळक घटना नसते, म्हणून ही चूक शतकानुशतके कोणाच्या नजरेला खुपली नाही.

चार-पाच तासांनी काय बिघडते, असे ज्यांना वाटेल त्यांनी एकादशीचा नियम पाहावा. सूर्योदयापूर्वीच्या चार घटी, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदय. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीविद्ध ठरते आणि भागवत संप्रदायाचा उपवास दुसऱ्या दिवशी जातो. समजा, सूर्योदय ६ वाजून १० मिनिटांनी आहे. अरुणोदय ४ वाजून ३४ मिनिटांनी लागेल. जुन्या गणिताने दशमी ४ वाजून १० मिनिटांनी संपली, तर उपवास आज. नव्या गणिताने ती ५ वाजून २० मिनिटांनी संपली, तर उपवास उद्या. श्रद्धावंताला हा तपशील किरकोळ नाही. खरे तर ज्याची श्रद्धा नाही त्यालाच तो किरकोळ वाटेल. चंद्र नेमका कुठे आहे हे जाणून घेण्याची सर्वांत जास्त गरज उपवास करणाऱ्याला असते, ही गोष्ट या वादात वारंवार विसरली जाते.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न ऐरणीवर आला. पुण्याचे गणिती केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि १८६५पासून आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने नव्या गणिताचे पंचांग निघू लागले. लोक त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. मूळचे पुण्याचे बापूदेवशास्त्री काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकवत; त्यांनी १८७६च्या सुमारास इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे पंचांग काढायला सुरुवात केली. बागलकोटला शिक्षक असलेल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी तर आधुनिक खगोलशास्त्राची सगळी कोष्टके ‘ज्योतिर्गणित’ या संस्कृत ग्रंथात उतरवली. संस्कृतात का? कारण पंचांग करणारा जोशी संस्कृत वाचत होता. युरोपातल्या वेधशाळांचे आकडे त्याच्या ओळखीच्या पोशाखात त्याच्यापुढे ठेवले, तर तो ते नाकारणार नाही, हे केतकरांनी ओळखले होते.

तरी विरोध झाला, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. जुन्या गणितात तिथी कमीत कमी ५४ आणि जास्तीत जास्त ६५ घटींची होई. यालाच ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत; साठ घटींहून पाच वाढायच्या, सहा घटायच्या. नव्या गणिताने तिथी पन्नास घटींपर्यंत आकसू लागली आणि सदुसष्टपर्यंत ताणू लागली. श्राद्धाचे, एकादशीचे, पर्वकाळाचे निर्णय ज्या ग्रंथांवरून होत, ते कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधू’ आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा ‘धर्मसिंधू’, बाणवृद्धीच्या काळातले. शास्त्री मंडळींचा आक्षेप असा की ज्या तिथीवर हे नियम बेतले तीच तुम्ही बदललीत, तर नियम चालणार कसे? धर्मासाठी लागणारी तिथी वेगळी आणि आकाशातली तिथी वेगळी, असेही काहींनी मांडले.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. धर्माची तिथी आकाशापासून सोडवून घेतली असती, तर धर्माला विज्ञानाची झळ कायमची लागली नसती. कोणी दुर्बीण आणून तुमची एकादशी चुकीची ठरवू शकले नसते. पण त्याबरोबर एकादशीचा चंद्राशी संबंधही संपला असता. नव्या गणिताच्या बाजूचे लोक याच ठिकाणी अडून बसले, आणि त्यांनी आधार घेतला तो शास्त्राचाच. सिद्धांतग्रंथ स्वतःच ग्रह आकाशात दिसले पाहिजेत असे सांगतात. मग आकाशाशी न जुळणारे गणित पवित्र कसे? याच बाजूचे लोकमान्य टिळक हे केरूनानांचे विद्यार्थी. १९०४ साली मुंबईत ज्योतिष परिषद भरली, पुढे पुण्यात आणि सांगलीतही भरल्या; शास्त्री, गणिती आणि पंचांगकर्ते समोरासमोर बसले. निकाल एका दिवसात लागला नाही. पण आज महाराष्ट्रात घरोघरी जी पंचांगे आणि दिनदर्शिका लागतात, त्यांच्या तिथी दृग्गणिताच्या, म्हणजे आकाशाशी जुळणाऱ्या नव्या गणिताच्या, आहेत. जोश्याने आपल्या आजोबांचे कोष्टक बाजूला ठेवले, वेधशाळेचे घेतले, आणि एकादशी बुडाली नाही.

यातून कोणी असा निष्कर्ष काढेल की प्रत्येक वेळी विज्ञान बोलते आणि श्रद्धा ऐकते. तेही खरे नाही, कारण याच काळात एक असा प्रश्न उभा राहिला ज्याचे उत्तर विज्ञानाकडे नव्हते. वसंतसंपात दर ७२ वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो. राशिचक्र संपातापासून मोजायचे, म्हणजे सायन, की ताऱ्यांपासून, म्हणजे निरयन? विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे सायनाच्या बाजूचे. त्यांनी सायन पंचांगही काढले. त्यांचा युक्तिवाद वेदांचा होता: वैदिक मास ऋतूंशी बांधलेले आहेत, मग वसंताचे महिने वसंतातच यायला नकोत का? उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सुरू होते आणि आपण मात्र तिळगूळ जानेवारीच्या १४-१५ला वाटतो, ही विसंगती त्यांना डाचत होती. ज्या दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठीतला तो प्रचंड इतिहास लिहिला, ते सुधारणेसाठी श्रुतीचा आधार घेत होते आणि त्यांचे विरोधक रूढीचा. धर्म एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, असा तो सामना नव्हताच.

निरयनवाल्यांतही दोन तट पडले. शून्य अंश रेवतीच्या योगताऱ्यापाशी धरायचा, की चित्रेच्या बरोबर समोर? ‘सूर्यसिद्धांता’त चित्रेचे स्थान १८० अंश आहे आणि रेवतीचे ३५९ अंश ५० कला, पण प्रत्यक्ष आकाशात या दोघी तितक्या समोरासमोर नाहीत, सुमारे चार अंशांनी चुकतात. चित्रा ठळक, कोणालाही दाखवता येईल अशी. रेवतीचा तो तारा इतका मंद की शहरातून दिसायचाच नाही. केरूनाना आणि टिळक रेवतीकडे, केतकर चित्रेकडे. चार अंश म्हणजे सूर्याच्या चालीने चार दिवस. तेवढ्याने संक्रांत अलीकडे किंवा पलीकडे जाते. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक. २०२३ साली १६ ऑगस्टला अमावास्या झाली. चित्रापक्षाने सिंह संक्रांत १७ ऑगस्टला, म्हणजे एका दिवसाने हुकली. तो श्रावण अधिक ठरला, धोंड्याचा महिना झाला. रेवतीपक्षाने हीच संक्रांत चार दिवस आधी होऊन गेली होती, म्हणून त्यांचा श्रावण निजच राहिला आणि भाद्रपद महिनाभर आधी आला.

यात कोण बरोबर? खगोलशास्त्र सूर्य कुठे आहे ते विकलेपर्यंत सांगेल; शून्य कुठे मानायचा, हे ते सांगणार नाही. तो माणसांनी करायचा करार आहे. विज्ञानाच्या नावाने या प्रश्नाचा निकाल देणारा आपल्या अधिकाराबाहेर बोलतो. आणि करार वेगळा असला तरी दोघांचे गणपती सुखरूप बसतात.

स्वातंत्र्यानंतर हा करार राष्ट्रीय पातळीवर करण्याचा प्रयत्न झाला. देशात तेव्हा तीसच्या वर पंचांगपद्धती चालू होत्या. १९५२ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने पंचांग सुधारणा समिती नेमली. अध्यक्ष होते मेघनाद साहा, ताऱ्यांच्या प्रकाशातून त्यांचे तापमान वाचण्याचे समीकरण देणारे पदार्थवैज्ञानिक. सगळे ज्ञान वेदांत आहे असे म्हणणाऱ्यांची त्यांनी जाहीर थट्टा केली होती. अशा माणसाने नागपूरचे के. ल. दप्तरी, ‘केसरी’चे ज. स. करंदीकर, उज्जैनचे रा. वि. वैद्य आणि कलकत्त्याचे पंचांगकर्ते निर्मलचंद्र लाहिरी यांच्यासोबत बसून सणांच्या तारखांचा काथ्याकूट केला. १९५५ साली अहवाल आला. २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे चैत्र १, शके १८७९ला, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे नागरी वर्ष संपातानंतरच्या दिवसापासून, म्हणजे ऋतूंना धरून. सणवार मात्र समितीने एकदम तेवीस दिवसांनी मागे ढकलले नाहीत. सायन आणि निरयन यांतला २३ अंश १५ कलांचा फरक कायम धरून ते आहेत त्या ऋतूत रोखायचे, म्हणजे आणखी घसरणार नाहीत, एवढेच तिने सुचवले. वैज्ञानिकाने लोकांच्या सवयीपुढे केलेली ही तडजोड आहे. शास्त्र्यांनी दृग्गणित मानले तेव्हा त्यांनी एक पाऊल टाकले होते. साहांनी दुसरे टाकले. लोकांनी राष्ट्रीय दिनदर्शिका फारशी अंगी लावून घेतली नाही, ही गोष्ट वेगळी. आकाशवाणीच्या बातम्यांत आणि सरकारी राजपत्रात तिची तारीख आपल्याला भेटते.

हा अनुभव हिंदूंपुरता नाही. ईस्टरची तारीख वसंतसंपातावर आणि पौर्णिमेवर ठरते. जुन्या पंचांगाने संपात दहा दिवसांनी चुकू लागला, तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला. त्या गणिताच्या मागे क्लाव्हिअस हे जेझुइट गणिती होते. बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ या चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ साली जमिनीवर मध्यान्हरेषा आखून छपरातल्या छिद्रातून येणाऱ्या सूर्यकिरणाने सूर्याची चाल मोजली. याच कॅथलिक धर्मसंस्थेने १६३३ साली गॅलिलिओला गुडघ्यांवर आणले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवाव्या लागतात. मुस्लिम समाजात ईदचा चंद्र डोळ्यांनीच पाहायचा की गणिताने ठरवायचा, ही चर्चा आजही चालू आहे, आणि तिथेही दोन्ही बाजूंना श्रद्धावंतच आहेत.

आता न मिटलेल्या भांडणाकडे. सहजीवनाचा एक खोटा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस ग्रहण म्हणजे सावली असे स्वच्छ सांगितले. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने, राहू नाकारणे हे श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध आहे, म्हणून आर्यभटावर टीका केली. आणि स्वतः ग्रहणाचे गणित मांडताना मात्र सावलीचाच हिशेब केला. अल्-बिरूनीने अकराव्या शतकात या विसंगतीवर बोट ठेवले. बोलायचे एक, मोजायचे दुसरे, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. भांडण टळते खरे, पण किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागते. पंचांगात ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष मिनिटापर्यंत अचूक छापलेला असतो, आणि त्याच्याच खाली गर्भवतींनी काय चिरू नये याची सूचना. वरची ओळ अचूक निघाली की खालचीही अचूक असणार, असे वाचणाऱ्याला वाटते. गणिताची पत फलाला उसनी मिळते. पंचांगातला सर्वांत मोठा गोंधळ हाच आहे, आणि तो श्रद्धेच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. कारण फल हे श्रद्धेचे विधान नाही. ग्रहणात विळी हातात घेतली तर बाळाचा ओठ फाटतो, हे जगाबद्दलचे विधान आहे. ते तपासता येते, आणि तपासल्यावर त्यात तथ्य आढळत नाही.

पत्रिकेचेही तेच. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी केलेली चाचणी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या जन्मपत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस. कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढेच ओळखायचे. ५१ ज्योतिषांनी भाग घेतला, २७ जणांनी उत्तरे पाठवली, आणि सरासरी यश आले ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नास आले असते. नारळीकरांनी याचा निबंध २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. या प्रयोगाने कोणाचा देव हिरावला नाही. त्याने फक्त एका दाव्याला, तू जगाबद्दल बोलतोस तर जगाच्या कसोटीला उतर, असे म्हटले.

दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. देवाला आणि धर्माला आपला विरोध नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे, ही त्यांची भूमिका ते वर्षानुवर्षे सांगत आले होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या विरोधकांनी तो धर्मावरचा हल्ला म्हणून रंगवला होता. प्रत्यक्षात वारी थांबली नाही, सत्यनारायण थांबला नाही, व्रतवैकल्ये थांबली नाहीत. कायद्याने विधीला हात लावला नाही. फलाच्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीला आणि अघोरीपणाला लावला.

दोन आक्षेपांना इथेच उत्तर देतो. विवेकवादी मित्र म्हणतात, श्रद्धेने गणित सोडले ते नाइलाजाने; तुम्ही तिला उगाच मोठेपण देता. नाइलाज काही प्रमाणात होताच. पण केशव आणि गणेश दैवज्ञांना कोणती सक्ती होती? वेध घेऊन ग्रंथ दुरुस्त करण्याची रीत श्रद्धावंतांच्या घरातच वाढली. तिला परके ठरवले, तर सुधारणा मागणाऱ्या प्रत्येक श्रद्धावंताला आपण परके करून टाकतो. श्रद्धाळू मित्र म्हणतात, गणित वेधशाळेकडे गेले, फल प्रयोगशाळेने नाकारले, मग आमच्याकडे उरले काय? उरला तो धर्माचा गाभा: कशापुढे नम्र व्हायचे, कोणासाठी उपाशी राहायचे, वडिलांची तिथी आली की कोणाला जेवू घालायचे. चंद्र कोणत्या अंशावर आहे हे कळल्याने यातले काहीच सुटत नाही आणि काहीच बिघडत नाही. उपग्रह सोडण्याआधी इस्रोचे अधिकारी तिरुपतीला जातात, यावरून दरवेळी गदारोळ होतो. मला त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही, जोवर कक्षेच्या गणितात दर्शनाचा आकडा मिळवला जात नाही. ज्या दिवशी इंधनाचा बिघाड दुरुस्त करण्याऐवजी मुहूर्त बदलला जाईल, त्या दिवशी मी गदारोळ करणाऱ्यांत असेन.

पुढील प्रकरणांत आधी गणित येते, मग सुधारणेचा वाद, मग राष्ट्रीय पंचांग आणि शेवटी फलज्योतिष. गणिताला घाबरू नये. शाळेतली बेरीज-वजाबाकी आणि अंश-कला एवढे पुरते. वाद सांगताना हरलेल्या बाजूचे म्हणणे मी त्यांच्याच युक्तिवादाने मांडले आहे, कारण ती माणसे मूर्ख नव्हती. फलाच्या प्रकरणात मात्र मी मध्यम मार्ग काढलेला नाही.

माझा निवाडा थोडक्यात असा. श्रद्धा आणि विज्ञान एका घरात नांदू शकतात. महाराष्ट्रात ते नांदलेले आहेत. त्यासाठी श्रद्धेने पडताळता येणारी विधाने पडताळणीच्या हवाली करावीत आणि निकाल मानावा. विज्ञानाने जिथे फक्त संकेताचा किंवा आचरणाचा प्रश्न आहे, तिथे न्यायाधीशाची खुर्ची मागू नये. यातली कोणतीही बाजू चुकली की भांडण होते, आणि ते झालेच पाहिजे.

वाचकांना एकच विनंती. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पावसाळी ढगांनी कृपा केली, तर ग्रहण पाहण्याचा प्रमाणित चष्मा लावून घरातल्या सगळ्यांना, दिवस गेलेल्या सुनेलाही, अंगणात आणा. पंचांगात छापलेली स्पर्शाची वेळ घड्याळाशी ताडून पाहा. मोक्षानंतर स्नान करायचे असेल, दान द्यायचे असेल, तर अवश्य द्या.